उद्याचा डबा

आईच्या तेराव्याचं जेवण उरकलं होतं. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर दोन्ही मामा, मावशी, पुण्याचे काका, शेजारच्या काकू सुपारी कातरत बसले होते, आणि दादाचा विषय निघाला. निघणारच होता. इतके दिवस तो सगळ्यांच्या ओठांवर येऊन थांबत होता. "ह्याला आता कुठं ठेवायचं?" काकांनी विचारलं. धाकट्या मामांनी पुण्याकडच्या कुठल्याशा आश्रमाचा विषय काढला, मावशी म्हणाली तिथं मारतात म्हणे, कुणीतरी माझ्या नवऱ्याकडं बघितलं आणि नवऱ्यानं माझ्याकडं. दादा तिथंच होता. दाराशी उकिडवा बसून पाहुण्यांच्या चपला जोडीजोडीनं लावत होता. ४९ वर्षांचा माणूस, कानशिलं पांढरी झालेली. आमचं बोलणं जरा थांबलं तशी त्यानं मान वर केली आणि मला विचारलं, "अक्का, उद्या डबा कोण भरणार?"

मावशीनं पदर डोळ्याला लावला. "बघा गं, आई गेलेली कळलंसुद्धा नाही लेकराला." सगळ्यांनी माना हलवल्या. मला मात्र ते फार लागलं आणि आजही आठवलं की लागतं. आई गेलेली त्याला आमच्याइतकीच कळली होती. स्मशानातून आल्यावर त्यानं तिचा चष्मा सदऱ्याच्या टोकानं पुसून फडताळात ठेवला होता आणि तिच्या उशीला कुणाला हात लावू देत नव्हता. त्याला आणखीही एक गोष्ट कळली होती. तो जातो त्या दिव्यांगांच्या कर्मशाळेची रजा संपली, उद्यापासून कामावर जायचं, आणि डबा भरणारी बाई आता नाही. खोलीत बसलेल्या दहा-बारा शहाण्या माणसांमध्ये उद्याचा विचार त्या एकट्याच्या डोक्यात होता. बाकीचे सगळे त्याची उरलेली वर्षं कुठं नेऊन ठेवायची, ते बघत होते.

मी त्याच्याहून चार वर्षांनी लहान. तो मला अक्का म्हणतो, कारण लहानपणी गल्लीतली पोरं म्हणायची. त्याचा जन्म १९७६ चा. डाऊन सिंड्रोम हे नाव आमच्या घरात फार उशिरा आलं. डॉक्टरांनी वडिलांना बाजूला घेऊन एवढंच सांगितलं होतं, की ह्याचे लाड करा, फार वर्षांचा सोबती नाही. तेव्हाच्या मानानं ते खोटंही नव्हतं. अशा कितीतरी मुलांना जन्मतःच हृदयाचा दोष असतो, छातीत वरचेवर कफ होतो, थायरॉईड तपासायचं तेव्हा कुणाच्या मनातही यायचं नाही. १९८३ च्या सुमाराला अमेरिकेतसुद्धा अशा माणसाचं आयुष्य सरासरी २५ वर्षांचं धरलं जायचं. आज ते ६० च्या घरात गेलंय. हृदयाच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या, औषधं आली, आणि माणसं कोंडून ठेवण्याऐवजी घरात वाढू लागली. दादाचं हृदय सुदैवानं ठणठणीत निघालं. ज्याच्या आयुष्याची शाश्वती कुणी दिली नव्हती, त्यानं बापाला खांदा दिला आणि आता आईलाही. अशी घरं सोलापुरात मला किती तरी माहीत आहेत, पेठापेठांत आहेत. आईबाप सत्तरीच्या पुढं आणि लेक पन्नाशीला टेकलेला.

वडील लक्ष्मी-विष्णू गिरणीत होते. भोंग्याच्या वेळेवर आमचं घर उठायचं, जेवायचं, झोपायचं. दादाच्या शाळेतल्या बाईंनी सुचवलं म्हणून वडिलांनी रजा काढली आणि दादाला सिकंदराबादला नेलं. मतिमंदांसाठीची राष्ट्रीय संस्था १९८४ साली तिथं निघाली होती, आणि आपल्याला पुण्या-मुंबईइतकंच सिकंदराबादही गाडीनं सोयीचं. पूर्वभागातले वडिलांचे एक साचेवाले मित्र तेलुगू बोलणारे, त्यांचे पाहुणे तिथं, म्हणून तेही सोबत आले. मलाही नेलं होतं. वाडीला गाडी थांबली तेव्हा खाल्लेली गरम इडली आठवते, आणि एक बाई आठवतात. त्या खुर्चीवर न बसता दादाशेजारी जमिनीवर बसल्या आणि त्याच्या पुढ्यात टॉवेल टाकला. घडी घाल म्हणाल्या. त्यानं गोळा केला. त्यांनी तो पसरला, सगळी घडी स्वतः घातली, फक्त शेवटचा दुमड तेवढा ठेवला आणि त्याचा हात धरून तो त्याच्याकडून घालून घेतला. दादानं टाळी वाजवली. मग शेवटचे दोन दुमड त्याच्यासाठी ठेवले. वडिलांना त्यांनी सांगितलं, की कामाचे तुकडे करा आणि शेवटचा तुकडा आधी शिकवा, म्हणजे काम पुरं केल्याचा आनंद रोज त्यालाच मिळेल. आईनं ते शब्द कायमचे धरून ठेवले. सदऱ्याची सगळी बटणं ती लावायची आणि खालचं एक त्याच्यासाठी सोडायची. महिन्या-दोन महिन्यांनी खालची दोन. शेवटी गळ्याचं बटण तो स्वतः लावायला लागला, तेव्हा तिनं सिद्धेश्वराला पेढे ठेवले.

पण मग अठरा वर्षं पूर्ण झाली आणि शाळा संपली.

त्यापुढं काय, हे कुणीच सांगितलं नाही, कारण पुढं काही नव्हतंच. आजच्या कायद्यातसुद्धा मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ वर्षांपर्यंतचा आहे. दादा रोज दहाला पाटीदप्तर घेऊन उंबऱ्यावर बसायचा. आई त्याला दुपारी आत ओढून न्यायची. तिथं बसून तो रस्ता बघायचा. केळीवाला, सायकलवर चादरींचे गठ्ठे नेणारे, शाळेतून सुटलेली पोरं. पोरं सुरुवातीला त्याच्याशी बोलायची, मग चिडवायला लागली, मग मोठी झाली आणि त्यांच्या लेखी तो उंबऱ्याचाच भाग झाला. त्याच काळात गिरणी बंद पडली आणि वडीलही घरी बसले. दोघं समोरासमोर बसायचे. दादा जाड झाला, हट्टी झाला, शर्टाची बटणं पुन्हा आईकडून लावून घ्यायला लागला. शिकलेलं इतक्या वेगानं कसं पुसलं जातं, ते मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलंय. बुद्धी कमी म्हणून तो मागं गेला असं लोक म्हणायचे. मला विचाराल तर, सकाळी उठून जायला जागा नसली की भल्याभल्यांचं तेच होतं. आमच्याच घरात, त्याच्यासमोर, एक चांगला कसबी गिरणीकामगार तसाच मिटत चालला होता.

कर्मशाळा पुढं बऱ्याच वर्षांनी मिळाली. गावाच्या कडेला, पत्र्याची लांबट शेड, दोन पंखे, उन्हाळ्यात पारा ४२-४३ च्या पुढं गेला की ओलं पोतं बांधलेली खिडकी. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून नॅपकिन येतात. त्यांचे सुटे दोरे कातरायचे, घड्या घालायच्या, दहा-दहाचे गठ्ठे करून पट्टी लावायची. दिवाळीला पणत्या रंगवणं, उटण्याची पाकिटं, श्रावणात राख्या, आणि बारा महिने वाती. दादाला चारच्या पुढं मोजता येत नाही. तिथल्या सरांनी त्याच्यासाठी एक फळी करून दिलीय. तिच्यावर दहा लाकडी खुंट्या. घडी घातली की एक नॅपकिन एका खुंटीवर. सगळ्या खुंट्या झाकल्या की गठ्ठा झाला. मी बघायला गेले होते तेव्हा तो माझ्याकडं बघायलाही तयार नव्हता. नॅपकिन पसरायचा, उजव्या तळव्यानं मधून बाहेर दाबत न्यायचा, कोपऱ्यावर कोपरा आणायचा. एखादा धागा राहिला असेल तर ओठ पुढं काढून डोळ्याजवळ धरायचा आणि कात्रीच्या टोकानं अलगद उडवायचा. दहावी खुंटी झाकली गेली की "हां!" म्हणून समोरच्या मुलाला सांगायचा. समोरचा मुलगा म्हणजे पस्तिशीचा, बोलता न येणारा, पण पट्टी लावण्यात वाकबगार. कारखान्याच्या मुकादमानं मला सांगितलं, की ह्या शेडमधला गठ्ठा तो पुन्हा मोजत नाही.

पगार म्हणाल तर पाकिटात येणारे काहीशे रुपये. त्याला नियमानं काय म्हणतात, मानधन की विद्यावेतन, ते असू दे. दादा त्याला पगारच म्हणतो. त्यातनं तो आईला गजरा आणायचा आणि स्वतःला क्रीमरोल. सकाळी गाडी त्याला घेऊन गेली की आई पायरीवर बसून पाच मिनिटं चहा प्यायची. आता ती गाडी माझ्या दाराशी येते, आणि तो चढला की मलाही हलकं वाटतं, आणि हलकं वाटलं म्हणून मन खातं, आणि संध्याकाळी कर्मशाळेच्या, घामाच्या आणि खळीच्या वासाचा तो घरात शिरला की सगळं विसरून मी ताट वाढायला घेते. हे सगळं एकाच दिवसात होतं.

कागदांबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते ज्याला-त्याला स्वतःच करावे लागतात. सिव्हिलमधून दिव्यांगत्वाच्या टक्केवारीचा दाखला, दादाचा ७५ टक्के, म्हणजे मध्यम. त्यावरून युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. संजय गांधी निराधार योजनेतून महिन्याला १,५०० रुपये यायचे, २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी ते २,५०० झाले. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, तो जरूर काढा. आणि एक गोष्ट आईबापांना बहुतेक वेळा बँकेच्या खिडकीपाशीच पहिल्यांदा कळते, की मूल अठराचं झाल्यावर आईबाप कायद्यानं आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणं जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडं अर्ज करून पालकत्व घ्यावं लागतं. आई होती तोवर ती होती. आता माझं नाव लागलंय. एका बँकेत मला सांगितलं गेलं, "ह्यांना समजत नाही तर सही कशाला?" दादा मराठीत स्वतःचं नाव लिहितो. वेळ लागतो, पण लिहितो. मी त्याला लिहू दिलं. मागं रांग होती, आणि ती थांबली.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत तो वेगळाच असतो. संक्रांतीला नंदीध्वजांच्या उंच, जड काठ्या निघतात तेव्हा पांढरी बाराबंदी घालून आमच्या जुन्या गल्लीतल्या मंडळींबरोबर मिरवणुकीत चालतो. नंदीध्वज पेलणं त्याच्या आवाक्यातलं नाही, पण पेलणाऱ्यांसाठी पाण्याची कळशी घेऊन चालायचं काम वर्षानुवर्षं त्याचं आहे आणि ते दुसऱ्यानं उचललं तर तो रागावतो. "ओ दादा, हिकडं द्या की जरा," असं गर्दीतली घामेजलेली तरणी पोरं त्याला म्हणतात. तिथं त्याला कुणी चॉकलेट देत नाही, गाल ओढत नाही. पुण्याकडच्या आश्रमात त्याची खोली कदाचित आमच्या घराहून स्वच्छ असेल, जेवण वेळेवर असेल, मारतही नसतील. पण ही कळशी तिथं कोण देणार?

निवासी घरं नकोत असं मी मुळीच म्हणत नाही. पुण्याजवळ, डोंबिवलीजवळ पालकांनी आणि संस्थांनी जीव ओतून उभी केलेली अशी घरं आहेत. ज्यांच्यामागं कुणीच नाही त्यांना आयुष्यभराचा निवारा हवाच. राष्ट्रीय न्यासाची घरोंदा योजना त्यासाठीच आहे आणि जिल्ह्याजिल्ह्यांत तसं घर व्हायला हवं. पण दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातलं पाचवं कलम मी वकील भाचीकडून नीट समजून घेतलंय. दिव्यांग माणसाला समाजात राहण्याचा हक्क आहे, अमुकच प्रकारच्या ठिकाणी राहा अशी सक्ती त्याच्यावर करता येत नाही, आणि घरी व गावात लागणाऱ्या आधारसेवा त्याला मिळाल्या पाहिजेत, असं ते कलम सांगतं. आमच्या सतरंजीवरच्या चर्चेत आश्रम किंवा बहीण हे दोनच पर्याय होते. दिवसा जायला जागा असली तर बहिणीलाही आपलं घर चालवता येतं, ही तिसरी वाट कुणाला सुचली नाही, कारण ती फार थोड्यांनी पाहिलीय.

आणि ती वाट गाडीवर चालते, हे मला कुंभारीला गेल्यावर कळलं. गोदूताई परुळेकरांच्या नावाची विडी कामगार बायकांची ती वसाहत. १०,००० घरं, २००६ साली ताबा मिळालेली. कर्मशाळेतल्या ताईंबरोबर मी एका घरी गेले होते. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. बोलताना नजर वर, हात खाली आपले चालूच. दिवसाला हजार वळल्याशिवाय भागत नाही. शेजारी तिची २६ वर्षांची लेक, केस तेल लावून घट्ट विंचरलेले, दोऱ्याचं रीळ हातात घेऊन उलगडत आणि गुंडाळत बसलेली. शाळा सुटली त्याला आठ वर्षं झाली होती. "विडी कंपनीच्या ब्रँचला माल द्यायला जाताना काय करता?" ताईंनी विचारलं. "कुलूप लावून जातो," ती बाई म्हणाली. "काय करायचं ओ? पोरगी आहे. दिवस कसले आलेत." तिनं ते इतक्या शांतपणे सांगितलं की माझ्याच्यानं वर बघवेना. बाहेर कुलूप, आत तरणीताठी लेक, आणि उन्हाळ्यात तापलेलं स्लॅबचं छत. तिला बोल लावायला माझी जीभ उचलत नाही. कर्मशाळेत जागा आहे, पण पोरींच्या बाजूला फार थोड्या येतात, आणि गाडी अशोक चौकातून परत फिरते. तिथून पुढच्या डिझेलचे आणि गाडीत बसणाऱ्या मदतनीस बाईच्या पगाराचे पैसे संस्थेकडं नाहीत. आत्ता जी फेरी होते तीही आम्ही पालक वर्गणी काढतो म्हणून होते.

आणखी एक काळजी आहे, ती अजून कर्मशाळेत कुणी मोठ्यानं बोलत नाही. दादा गेल्या काही महिन्यांत एका खुंटीवर दोन नॅपकिन ठेवायला लागलाय. डाऊन सिंड्रोम असलेल्या बहुतेकांच्या मेंदूत चाळिशीपर्यंतच अल्झायमरच्या खुणा दिसू लागतात, हे मी वाचलंय. डॉक्टरांनी आधी थायरॉईड, कान, डोळे तपासून घ्या म्हणून सांगितलं, ते चालू आहे. चष्म्याचा नंबर वाढलेला निघाला, तेवढ्यानंही बरंच सुधारलं. सरांनी खुंट्यांना आळीपाळीनं लाल-पिवळा रंग दिला. पुढं कदाचित दहाच्या जागी पाच खुंट्या कराव्या लागतील. मग कदाचित नुसत्या वातीच. चालेल. त्याला तिथं येऊ नको म्हणू नका, एवढंच मी सरांना सांगितलं, आणि सर म्हणाले, "अक्का, पहिली बॅच म्हातारी व्हायलीय, आम्हीपण शिकायलोय."

महापालिका असो की ग्रामपंचायत, आपल्या उत्पन्नातला ५ टक्के पैसा दिव्यांगांसाठी खर्च करणं त्यांना बंधनकारक आहे. त्यातून सायकली मिळतात, कानाची मशिनं मिळतात, कधी रोख रक्कम वाटली जाते. ते चांगलंच आहे. पण बौद्धिक दिव्यांग प्रौढाला वर्षातून एकदा हातात पडणाऱ्या रकमेपेक्षा रोज दाराशी येणारी गाडी जास्त उपयोगाची आहे, हे पटवून द्यायला आम्ही पालक निघालोय. कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात, कर्मशाळा शहरात, म्हणून अर्ज दोन करावे लागले, एक ग्रामपंचायतीला आणि एक महापालिकेला, दोघांनी मिळून एका फेरीचा खर्च उचलावा असा. मदतनीस बाईच असावी ही अट पहिल्या ओळीत घातलीय. मसुदा वाचून दाखवायला मी पुन्हा त्या विडीवाल्या बाईंकडं गेले. त्यांनी सगळा ऐकून घेतला, हात न थांबवता, आणि एकाच गोष्टीला हरकत घेतली. गाडीची वेळ आम्ही नऊ लिहिली होती. "नऊला आम्ही ब्रँचमध्ये असतो ओ. माल तपासून घेईपर्यंत सुटत नाही. पोरीला गाडीत बसवायला मी पाहिजे की नको?" मी वेळ खोडली आणि पावणेदहा लिहिली. सोमवारी दोन्हीकडं अर्ज द्यायचेत. पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरलंय.